मराठी आणि कन्नड कागदपत्रे असलेला घरचा संगणक फॉरमॅट करताना

विंडोज १० चा नियमित आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हापासून बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या परिचितांकडून एकच विचारणा वारंवार होते, ती म्हणजे संगणक फॉरमॅट करून त्यावर नवे विंडोज घालता येईल का. ते घालता येते, आणि थोडा धीर धरला तर हे काम घरच्या घरी होण्यासारखे आहे. डिस्क पुसून विंडोज बसवायला साधारण तास-दीड तास पुरतो. मात्र आपल्या सीमाभागातील घरचा संगणक मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन भाषांत राबतो, आणि फॉरमॅटच्या नेहमीच्या सूचनांत याचा विचार नसतो. म्हणून येथे पुसण्याआधीच्या तयारीविषयी अधिक विस्ताराने लिहीत आहे.

काही वर्षांपूर्वी निपाणीच्या एका नातेवाइकांचा संगणक मी फॉरमॅट करून दिला. ते घरीच लग्नपत्रिका तयार करीत असत. सगळ्या फायली मी बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतल्या होत्या. नवे विंडोज बसले, फायली जागेवर आल्या, आणि पहिली पत्रिका उघडताच ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी रोमन अक्षरे, कंस आणि टक्क्याची चिन्हे यांची एक ओळ दिसली. फाइल बिघडलेली नव्हती. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणारी आजची सामायिक पद्धत, येण्यापूर्वीच्या मराठी फॉन्टमध्ये फायलीत रोमन अक्षरांचेच क्रमांक साठवलेले असतात, आणि त्यांना देवनागरीचे रूप देण्याचे काम तो फॉन्ट करीत असतो. फॉन्ट पुसला गेला की मजकूर शाबूत राहूनही वाचता येत नाही. तोच फॉन्ट दुसऱ्या एका संगणकावर मिळेपर्यंत दोन दिवस गेले, आणि पत्रिका छापायला द्यायची तारीख तर तोंडावर आली होती.

नुडी किंवा बरह या कन्नड टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेल्या कन्नड अर्जांचेही असेच होते. म्हणून सी ड्राइव्हवरील विंडोजच्या फोल्डरात असलेला ‘फॉन्ट्स’ हा फोल्डर सर्वप्रथम बाहेरच्या डिस्कवर कॉपी करावा. एखादा फॉन्ट फक्त एका वापरकर्त्यापुरता बसवलेला असेल तर तो तेथे न सापडता त्या वापरकर्त्याच्या ‘ॲपडेटा’ या लपवलेल्या फोल्डरात असतो, तेही पाहून घ्यावे. श्रीलिपीसारखे सॉफ्टवेअर वापरात असल्यास त्याचा सेटअप, परवान्याचा क्रमांक आणि यूएसबीला लावायचे लॉक दिले असल्यास ते घरात कोठे आहे याची खात्री आधी करावी. टॅलीचा परवाना त्या यंत्रावर चालू असेल तर तो फॉरमॅटपूर्वी टॅलीमधूनच सरेंडर करावा, म्हणजे त्या यंत्रावरून मोकळा करावा, आणि कंपन्यांच्या डेटाचा फोल्डर वेगळा काढून ठेवावा.

बाकीच्या फायलींत डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि छायाचित्रे ही ठिकाणे सहसा कोणी विसरत नाही. विसरले जातात ते ब्राउझरमधील पासवर्ड, आउटलुकची टपालाची फाइल आणि स्कॅनरच्या सॉफ्टवेअरने स्वतःच्या फोल्डरात ठेवलेली स्कॅन. आपल्याकडे या शेवटच्या गोष्टीला विशेष महत्त्व आहे. शेताचा चालू उतारा ‘भूमी’ या कर्नाटकच्या ऑनलाइन भूमी-अभिलेखांवरून पुन्हा काढता येतो, परंतु बेळगाव जिल्हा १९५६ साली मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला त्यापूर्वीचे मराठीतले वा मोडीतले खरेदीखत एखाद्या घरी स्कॅन करून ठेवलेले असेल आणि मूळ कागद जीर्ण झाला असेल, तर ते स्कॅन हाच त्या घराचा आधार असतो. अशा फायलींच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर घ्याव्यात, आणि कॉपी झाल्यावर त्यांतल्या चार-पाच फायली दुसऱ्या संगणकावर प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात. वनड्राइव्ह ही मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवण वापरत असल्यास ज्या फायलींसमोर ढगाचे चिन्ह आहे त्या मुळात डिस्कवर नसतात. त्या आधी उतरवून घ्याव्यात, किंवा त्या खात्याचा पासवर्ड आपल्याला ठाऊक असल्याची खातरजमा करावी.

यानंतर यंत्राची पात्रता पाहावी. विंडोज ११ साठी टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), सिक्युअर बूट (फक्त विश्वासार्ह प्रणालीच सुरू होऊ देणारी सोय), किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. इंटेलचे प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचे चालतात. यंत्र त्यात बसत नसेल तर आडवाटेने विंडोज ११ घालण्यापेक्षा लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली घालावी, असे माझे मत आहे. घरगुती पत्रव्यवहार, इंटरनेट आणि मुलांचा अभ्यास त्यावर उत्तम होतो, आणि मराठी व कन्नड दोन्ही टंकलेखन चालते. मात्र टॅली किंवा श्रीलिपी यांवर घराचे उत्पन्न अवलंबून असेल तर हा पर्याय सोयीचा नाही.

किमान ८ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह घ्यावा, कारण त्यावरील सर्व काही पुसले जाते. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरील मीडिया क्रिएशन टूल तो बूट होण्याजोगा, म्हणजे संगणक त्यावरून सुरू होईल असा, तयार करून देते. त्याच वेळी आपल्या मॉडेलचा वाय-फायचा ड्रायव्हर (तो भाग चालवणारे छोटे सॉफ्टवेअर) उत्पादकाच्या संकेतस्थळावरून घेऊन दुसऱ्या पेन ड्राइव्हवर ठेवावा. तो राहून गेला तर मोबाइल यूएसबी केबलने जोडून टेदरिंग करता येते, म्हणजे त्याचे इंटरनेट संगणकाला देता येते. लॅपटॉप असेल तर चार्जर लावलेला असावा आणि डेस्कटॉप असेल तर यूपीएस असावा. खानापूरच्या बाजूला मुसळधार पाऊस चालू असताना हे काम काढूच नये.

संगणक बंद करून पुन्हा चालू करताना बूट मेनूची कळ दाबत राहावी. डेल आणि लेनोव्होच्या बऱ्याच यंत्रांत ती एफ१२ असते, तर एचपीमध्ये एफ९. पेन ड्राइव्ह निवडला की सेटअप सुरू होतो. उत्पादन क्रमांक (प्रॉडक्ट की) मागितला आणि त्या यंत्रावर आधीपासून अधिकृत विंडोज असेल, तर आपल्याकडे क्रमांक नसल्याचा पर्याय निवडावा आणि पूर्वीचीच आवृत्ती, म्हणजे होम असेल तर होम, घ्यावी. परवाना मदरबोर्डाशी जोडलेला असतो, त्यामुळे इंटरनेट मिळताच तो आपोआप लागू होतो.

आता सर्वांत जपून करायचा टप्पा येतो. आपण नेहमी सी आणि डी अशी नावे पाहतो, पण सेटअपच्या पडद्यावर ती अक्षरे नसतात, तेथे डिस्क ०, पार्टिशन १, २, ३ अशी यादी आणि समोर केवळ आकार असतात. म्हणून जुने विंडोज चालू असतानाच डिस्क मॅनेजमेंट उघडून प्रत्येक भागाचा आकार कागदावर लिहून घ्यावा. १ टीबीची डिस्क तेथे सुमारे ९३१ जीबी आणि ५०० जीबीची सुमारे ४६५ जीबी दिसते, कारण उत्पादक हजाराच्या पटीत मोजतो आणि विंडोज १०२४ च्या. त्यामुळे आकडा कमी दिसला म्हणून गोंधळू नये. डी ड्राइव्ह तसाच ठेवायचा असेल तर फक्त जुन्या सीचा भाग आणि त्याच डिस्कवरील त्याचे लहान सहायक भाग डिलीट करावेत, आणि मोकळी झालेली जागा निवडून पुढे जावे. लागणारे लहान भाग सेटअप स्वतः पाडतो. यंत्रात दुसरी डिस्क असेल तर मी तिची केबल काढूनच ठेवतो, आणि इतरांनाही हाच सल्ला देतो. यादी पूर्ण रिकामी दिसली तर डिस्क खराब झाली असे लगेच समजू नये. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपांत इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर पेन ड्राइव्हवरून लोड करावा लागतो.

पुढचे काम यंत्र स्वतः करते आणि मध्ये काही वेळा बंद होऊन चालू होते. पहिल्यांदा बंद होताच पेन ड्राइव्ह काढावा, नाहीतर सेटअप पुन्हा पहिल्या पायरीवर येऊ शकतो.

विंडोज उघडल्यावर अपडेट पूर्ण होऊ द्यावेत. मग भाषांच्या सेटिंगमध्ये मराठी आणि कन्नड दोन्ही जोडाव्यात. निर्मला हा फॉन्ट विंडोजमध्ये मुळातच असतो, पण मंगल आणि कन्नडचा तुंगा हे या भाषा जोडल्यावर पूरक फॉन्ट म्हणून उतरतात. मंगलमध्ये तयार केलेल्या जुन्या अर्जाची मांडणी हललेली दिसते, त्याचे कारण बहुधा हेच असते. घरात ज्याला इन्स्क्रिप्टची, म्हणजे भारतीय लिप्यांच्या प्रमाण कळमांडणीची, सवय आहे त्याच्यासाठी इन्स्क्रिप्ट आणि ज्याला रोमन अक्षरांतून लिहायचे आहे त्याच्यासाठी फोनेटिक, असे दोन्ही कीबोर्ड ठेवावेत. त्यानंतर जपून ठेवलेल्या फोल्डरातले हवे ते जुने फॉन्ट निवडून बसवावेत. संपूर्ण फोल्डर नव्या विंडोजवर ओतू नये.

सर्व फायली परत आल्यावर एक जुनी मराठी पत्रिका, एक कन्नड अर्ज आणि एक स्कॅन उघडून छापून पाहावे. बाहेरच्या डिस्कवरील प्रती निदान महिनाभर तशाच राहू द्याव्यात. विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्या नव्याने बसवल्यावर डिस्क अनेकदा आपोआप कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करतात. तिची ४८ अंकी रिकव्हरी की आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात दिसते. ती छापून घ्यावी आणि शेताच्या उताऱ्यांच्या फाइलमध्ये लावून ठेवावी.