आइस हॉकीची टीम अख्खा सीझन फॉलो कशी करायची (डोकं ठिकाणावर ठेवून)

पहिल्या वर्षी मी सगळ्याच्या सगळ्या मॅच बघायचा चंग बांधला होता. नोव्हेंबर संपायच्या आत डोळे लाल, घरात चिडचिड, आणि गंमत म्हणजे टीमबद्दल कोणी विचारलं तर मला धड काही सांगता यायचं नाही, कारण कालची मॅच डोक्यात आणि परवाची पुसलेली. एनएचएलमध्ये (अमेरिका-कॅनडातली आइस हॉकीची मोठी लीग) ३२ टीम आहेत, प्रत्येकीला ८२ मॅच (२०२६-२७ पासून ८४), त्या ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत चालतात आणि त्यापुढे प्लेऑफ, म्हणजे बाद फेऱ्या, ज्या पार जूनपर्यंत ताणल्या जातात. एवढ्या लांबलचक प्रकरणात एकेका रात्रीवर जीव जाळण्यात काही अर्थ नाही, टीम दहा-दहा मॅचच्या तुकड्यात बघायची. हे मला तीन सीझन गेल्यावर कळलं, तुम्हाला आत्ताच सांगून टाकते.

टीम कुठली घ्यायची यावर फार डोकं लावू नका. ज्या खेळाडूला बघायला आवडतं त्याची टीम घ्या, किंवा मॅचची वेळ तुम्हाला झेपते ती घ्या, म्हणजे पूर्वेकडच्या टीमच्या घरच्या मॅच साधारण तिथल्या संध्याकाळी सातला आणि पश्चिमेकडच्या त्यानंतर दोन-तीन तासांनी, हे एवढं बघितलं तरी पुरे. एकदा घेतली की जानेवारीत बदलायची नाही, एवढा एकच नियम.

मी उदाहरणाला एडमंटन ऑयलर्सचा २०२३-२४ चा सीझन घेते कारण त्यात हवं नको ते सगळं एकाच वर्षात आहे.

पण त्याआधी पॉइंट टेबल वाचायला शिका, नाहीतर सहा महिने फसत राहाल. जिंकलं की २ पॉइंट, साध्या ६० मिनिटांत हरलं की शून्य, पण बरोबरी होऊन ओव्हरटाइम (जादा वेळ) किंवा शूटआउटमध्ये (एकेकट्याने गोलकीपरसमोर पेनल्टी शॉट) हरलं तरी १ पॉइंट मिळतो. त्यामुळे हरणारी टीमसुद्धा पॉइंट गोळा करत राहते आणि टेबलात सगळ्या जणी एकमेकींना चिकटलेल्या दिसतात, तुम्हाला वाटतं चारच पॉइंटचा तर फरक आहे, पण तो फरक भरून काढायला दीड महिना जातो कारण पुढची टीम हरूनसुद्धा एकेक पॉइंट घेऊन पळत असते. शिवाय सगळ्यांच्या मॅच सारख्या झालेल्या नसतात, एकीच्या २२ तर दुसरीच्या २५, म्हणून नुसते पॉइंट बघायचे नाहीत, पॉइंट पर्सेंटेज बघायचं, म्हणजे मिळू शकले असते त्यातले किती मिळाले ते. आणि शेवटी दोन टीमचे पॉइंट सारखे झाले तर ज्यांनी ६० मिनिटांत जास्त मॅच जिंकल्यात त्या वर जातात, तो कॉलम मार्चमध्ये कामाला येतो.

मॅच कशी बघायची? पक, म्हणजे बॉलऐवजी असते ती छोटी काळी चकती, दिसत नाही ही नव्या लोकांची पहिली तक्रार, आणि खरंय, दिसत नाही. मग पकच्या मागे लागूच नका, खेळाडूंचे खांदे कुठे वळतायत ते बघा, पक तिकडेच गेलेला असतो. दुसरं म्हणजे लाइन. फॉरवर्डच्या तिघातिघांच्या चार लाइन असतात, डिफेन्सच्या तीन जोड्या, आणि एक शिफ्ट जेमतेम पाऊण मिनिटाची, चालू खेळात उडी मारून बदलतात. सुरुवातीला फक्त पहिली लाइन ओळखा. दहा मॅचनंतर तुम्हाला नंबर न बघता कळायला लागेल की आता चौथी लाइन आली, कारण खेळाचा नूरच बदलतो. २० मिनिटांचे तीन पिरियड आणि मधे १८-१८ मिनिटांची सुट्टी, चहा त्यातच करून घ्या. शेवटची तीन मिनिटं मात्र अजिबात उठायचं नाही, मागे असलेली टीम गोलीला, म्हणजे गोलकीपरला, बाहेर बोलावते आणि त्याच्या जागी सहावा खेळाडू उतरवते, मागे जाळं मोकळं, मग एकतर बरोबरी होते नाहीतर समोरचा लांबूनच रिकाम्या जाळ्यात पक सारतो.

आणि गोली. गोलीबद्दल जेवढं बोलावं तेवढं कमी. ज्या टीमचा गोली फॉर्मात ती टीम चांगली वाटते, ज्यांचा नाही ती भिकार वाटते, मधली सगळी विश्लेषणं नंतर येतात. सेव्ह पर्सेंटेज म्हणजे आलेल्या शॉटपैकी किती अडवले, आणि हल्ली ०.९०० च्या आसपास म्हणजे सर्वसाधारण, दहात नऊ. ०.८८० झालं की टीम बुडाली समजा, आकडा दिसायला किरकोळ पण सीझनभरात डझनावारी गोल. प्रत्येक टीमकडे दोन गोली असतात, लागोपाठच्या दोन रात्री मॅच असेल तर बहुतेक वेळा एका रात्री दुसरा गोली खेळतो, तेव्हा मॅचला बसण्याआधी कोण उभा राहणार ते बघून घ्या. मॅचच्या दिवशी सकाळच्या सरावात जो गोली आधी बर्फावरून निघून जातो तो सहसा संध्याकाळी खेळतो, टीम कव्हर करणारे रिपोर्टर हे न चुकता लिहितात.

आता ऑयलर्स. ११ ऑक्टोबर २०२३, पहिलीच मॅच, व्हँकुव्हरकडून ८-१ ने हार. कॉनर मॅकडेव्हिडसारखा खेळाडू टीममध्ये, आदल्या सीझनला ३२.४ टक्के पॉवर प्ले (समोरचा खेळाडू शिक्षा म्हणून बाहेर असतानाच्या संधींपैकी किती वेळा गोल झाला ते), म्हणजे लीगच्या इतिहासातला सगळ्यात भारी, आणि सुरुवात अशी. ९ नोव्हेंबरला तर ते सॅन होजेकडून हरले, ज्यांनी तोपर्यंत अख्ख्या सीझनमध्ये एकच मॅच जिंकली होती. महागडा गोली जॅक कॅम्पबेल खालच्या लीगमध्ये, एएचएलमध्ये, बेकर्सफील्डला पाठवला गेला. मग सिएटलला ४-१ हरवलं आणि जिंकल्याच्या दुसऱ्या दिवशी कोच जे वुडक्रॉफ्टची नोकरी गेली.

त्या महिन्यात मी रोज रात्री टीमला शिव्या घालत होते. पण आकडे शांतपणे बघणारे लोक वेगळंच सांगत होते, की ऑयलर्स समोरच्यापेक्षा चांगले शॉट तयार करतायत, फक्त यांचा गोली अडवत नाहीये आणि यांचे शॉट आत जात नाहीयेत. याला एक्स्पेक्टेड गोल्स म्हणतात, प्रत्येक शॉट कुठून, कसा मारला यावरून तो गोल व्हायची शक्यता किती ते मोजायचं आणि बेरीज करायची. एका मॅचला या आकड्याला काडीची किंमत देऊ नका. दहा-पंधरा मॅचचा मात्र बघा, आणि स्कोअरपेक्षा तो बराच वेगळा असेल तर कुठेतरी गोलीचं किंवा नशिबाचं घोडं अडलंय, टीम मुळात वाईट नाहीये. किंवा उलट! टीम धडाधड जिंकतेय पण समोरचे दुप्पट चांगले शॉट मारतायत, तर फार नाचू नका.

नोव्हेंबरच्या शेवटी अमेरिकेतला थँक्सगिव्हिंग येतो आणि एक जुना ठोकताळा सगळे बाहेर काढतात, की त्या दिवशी प्लेऑफच्या जागेत असलेल्या टीमपैकी साधारण चारात तीन शेवटीही आतच असतात. ठोकताळा बराच खरा आहे, म्हणून पहिली नीट नजर टेबलावर तेव्हाच टाका, त्याआधी नव्याचे नऊ दिवस असतात. पण ऑयलर्स तेव्हा जागांच्या आसपाससुद्धा नव्हते, आणि त्याच टीमने नवा कोच क्रिस नॉब्लॉकच्या हाताखाली २१ डिसेंबर ते २७ जानेवारी सलग १६ मॅच जिंकल्या, पिट्सबर्गच्या १९९२-९३ मधल्या १७ च्या विक्रमाला एकच कमी. सीझन संपला तेव्हा १०४ पॉइंट आणि पॅसिफिक डिव्हिजनमध्ये (लीगचे दोन कॉन्फरन्स, प्रत्येकात दोन-दोन डिव्हिजन, म्हणजे गट) दुसरे. त्याहून टोकाचं पाहिजे असेल तर सेंट लुईस ब्लूज बघा, ३ जानेवारी २०१९ ला अख्ख्या लीगमध्ये शेवटच्या आणि जूनमध्ये लीगची ट्रॉफी, स्टॅन्ली कप, हातात, जॉर्डन बिनिंग्टन नावाचा नवखा गोली उभा राहिला आणि सगळं फिरलं. परत गोली, बघा.

जानेवारी-फेब्रुवारी हा कंटाळ्याचा काळ, तो कंटाळ्यासारखाच घालवा. माझी पद्धत सांगते. आठवड्यात एक मॅच पूर्ण, तीही शक्यतो आपल्याच डिव्हिजनमधल्या टीमशी, बाकीच्यांचे हायलाइट्स. लांब दौऱ्यावरून परतल्यावरची पहिली घरची मॅच टीम बऱ्याचदा पेंगत खेळते, ती मी सोडून देते. आणि रेकॉर्ड करून बघणार असाल तर फोनवरचे नोटिफिकेशन आधी बंद करा, मी एकदा दिवसभर जपून ठेवलेली मॅच लावायला बसले आणि पहिल्या पिरियडमध्येच स्क्रीनवर फायनल स्कोअर येऊन पडला.

दुखापतींच्या बातम्या वाचताना लक्षात ठेवा, टीम काहीच सांगत नाही. ‘अप्पर बॉडी’ किंवा ‘लोअर बॉडी’ एवढंच, म्हणजे कंबरेच्या वर की खाली, बस्स. नेमकं काय दुखत होतं ते सीझन संपल्यावर कळतं, आणि तेव्हा कळतं की तुम्ही ज्याला महिनाभर आळशी म्हणत होतात तो मोडलेल्या बरगडीने खेळत होता.

मार्चच्या सुरुवातीला ट्रेड डेडलाइन, म्हणजे टीमनी आपापसात खेळाडूंची अदलाबदल करायची शेवटची तारीख. तो दिवस मजेचा, पण सॅलरी कॅप माहीत नसेल तर काहीच कळणार नाही. प्रत्येक टीमला खेळाडूंच्या पगाराची कमाल मर्यादा आहे, २००५-०६ पासून, आणि ती त्यांनी कशी आणली तर मालक आणि खेळाडूंच्या भांडणात त्याआधीचा अख्खा सीझन रद्द झाला. त्यामुळे ‘अमक्याला घ्या ना’ म्हणणं सोपं, पण त्याचा पगार बसवायचा कुठे? मग समोरची टीम अर्धा पगार आपल्याकडे ठेवते, २०२५-२६ च्या आधी तिसरी टीमही मधे घ्यायचे, ड्राफ्टचे पिक (नवे तरुण खेळाडू निवडायचे नंबर) देतात, असा सगळा हिशोब. ऑयलर्सने त्या वर्षी अ‍ॅनाहाइमकडून अ‍ॅडम हेन्रिक आणि सॅम कॅरिक आणले, म्हणजे हेडलाइन होणारी नावं नाहीत, तिसऱ्या-चौथ्या लाइनची माणसं. डेडलाइनला बहुतेक चांगले ट्रेड असेच असतात, मोठ्या नावाची वाट बघत बसू नका.

प्लेऑफ म्हणजे वेगळाच खेळ. प्रत्येक डिव्हिजनमधल्या पहिल्या तीन आणि प्रत्येक कॉन्फरन्समधल्या दोन वाइल्ड कार्ड (उरलेल्यांतल्या सगळ्यात जास्त पॉइंटवाल्या), अशा १६ टीम, चार राउंड, प्रत्येक राउंडला आधी चार मॅच जिंकेल तो पुढे, म्हणजे कपला १६ विजय लागतात. रेग्युलर सीझनमधला पाच मिनिटांचा तीन-तीन जणांचा ओव्हरटाइम आणि शूटआउट इथे नाही, इथे पूर्ण पाच-पाच जण, २०-२० मिनिटांचे पिरियड, गोल होईपर्यंत. १९३६ मध्ये डेट्रॉइट आणि मॉन्ट्रिअल मरून्सची मॅच सहाव्या ओव्हरटाइमपर्यंत गेली होती. म्हणून दुसऱ्या दिवशी महत्त्वाचं काम असेल तर मॅच लावूच नका, किंवा लावा आणि भोगा. आणि टेबलात पहिली आलेली टीम जिंकणारच असं धरू नका, बॉस्टनने २०२२-२३ मध्ये विक्रमी १३५ पॉइंट केले आणि पहिल्याच राउंडला फ्लोरिडाकडून गेले.

इथे दहा मॅचचा नियम बाजूला ठेवायचा, कारण दहा मॅच मिळतीलच असं नाही. ऑयलर्सने लॉस एंजलिसला पाच मॅचमध्ये काढलं, व्हँकुव्हरशी सात लागल्या, मधे गोली स्टुअर्ट स्किनरला दोन मॅच बसवलं आणि परत आणला, मग डॅलस सहामध्ये, आणि फायनलला फ्लोरिडाविरुद्ध ०-३ मागे. तिथून सलग तीन जिंकून ३-३. २४ जूनला सातवी मॅच २-१ ने हरले. प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून मॅकडेव्हिडचं नाव पुकारलं, हरलेल्या टीममधल्याला हा मान क्वचितच मिळतो, आणि तो घ्यायला बाहेरच आला नाही.

त्यानंतर निदान दोन महिने सुट्टी असं वाटेल, तर तसंही नाही. जूनच्या शेवटी ड्राफ्ट, १ जुलैला करार संपलेले खेळाडू बाजारात, त्या दिवशी ऑयलर्सने जेफ स्किनर आणि व्हिक्टर आर्व्हिडसन घेतले आणि सगळे खूश. मग ऑगस्टमध्ये, जेव्हा कोणीच बघत नसतं, तेव्हा सेंट लुईसने ऑयलर्सच्या फिलिप ब्रोबर्ग आणि डिलन हॉलोवे या दोन तरुण पोरांना ऑफर शीट दिली, म्हणजे जास्त पगाराची ऑफर जी जुन्या टीमने सात दिवसांत तेवढेच पैसे देऊन अडवायची नाहीतर पोरगा सोडायचा. कॅपमध्ये जागा कुठे होती, दोघंही गेले. तेव्हा उन्हाळ्यातसुद्धा आठवड्यातून एकदा बातम्यांवर नजर टाकत जा.

ऑक्टोबर २०२४, नवा सीझन, पहिली मॅच विनिपेगशी, ०-६. पहिले पाढे पंचावन्न. लोकांनी परत कोच, गोली, मॅनेजर सगळ्यांना धारेवर धरलं. मी स्कोअर बघितला, कॅलेंडरवर दहाव्या मॅचच्या तारखेला खूण केली आणि झोपले.