खिशात पिस्तूल ठेवताय? मग आधी होल्स्टर

टेक्सासात 1 सप्टेंबर 2021 पासून 21 वर्षांवरच्या माणसाला, कायद्याने दुसरी काही बंदी नसेल तर, परमिटशिवाय पिस्तूल जवळ बाळगता येतं, त्यामुळे इथल्या मराठी मंडळींत कोणी ना कोणी विचारतंच की छोटं पिस्तूल घेतलंय, नुसतं पँटच्या खिशात टाकलं तर चालेल का. नाही चालणार, होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं म्यान, हवंच. आणि त्याच्याही आधी, एच-वन-बी किंवा एफ-वनवर असाल तर हा विषय सोडूनच द्या, राज्याचा कायदा कितीही मोकळा असला तरी फेडरल कायदा अशा व्हिसावाल्यांना बंदूक आणि गोळ्या दोन्ही जवळ ठेवू देत नाही, शिकारीचं लायसन्स वगैरे मोजके अपवाद सोडले तर. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही.

होल्स्टर कशाला ते प्लॅक्सिको बरेसवरून कळतं. एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगचा एवढा मोठा खेळाडू, नोव्हेंबर 2008 मध्ये न्यूयॉर्कच्या एका नाइटक्लबमध्ये ट्रॅक पँटच्या कमरेला तसंच पिस्तूल खोचून गेला, ते खाली घसरायला लागलं म्हणून त्याने पकडायला हात घातला आणि गोळी स्वतःच्याच मांडीत. वर लायसन्स नव्हतं म्हणून दोन वर्षांची शिक्षा. खिशात पण हेच होतं, किल्ली, पेन, रुमालाचं टोक, काहीही ट्रिगरवर अडकू शकतं.

म्हणून ज्या खिशात पिस्तूल त्या खिशात दुसरं काहीही नाही, एक नाणंसुद्धा नाही. होल्स्टर खास खिशासाठी बनवलेलं घ्या, ट्रिगर आणि त्याच्याभोवतीची कडी पूर्ण झाकली गेली पाहिजे, आणि पिस्तूल ओढल्यावर होल्स्टर खिशातच राहिलं पाहिजे, त्यासाठी काहींना बाहेरून चिकट कापड असतं तर काहींना आकडा. विकत घेतल्यावर पिस्तूल पूर्ण रिकामं करा, मॅगझिन (गोळ्यांची पेटी) बाहेर, चेंबर, म्हणजे नळीच्या मागची गोळी बसायची जागा, डोळ्याने आणि बोटाने तपासा, मग होल्स्टरमध्ये घालून बाहेरून जोरात दाबून बघा. ट्रिगर हलला तर ते होल्स्टर परत करा, किंमत कितीही असो.

रुगर एलसीपी .380 हे छोटं पिस्तूल किंवा स्मिथ अँड वेसनची 642 ही पाच गोळ्यांची रिव्हॉल्व्हर, असली हलकी हत्यारं खिशासाठी चालतात. 642 मला जास्त आवडते कारण तिचा हॅमर, म्हणजे गोळी उडवणारा मागचा हातोडा, आतच असतो, कापडात अडकत नाही आणि ट्रिगर चांगलाच जड आहे. नवीन असाल तर पिस्तुलाच्या चेंबरमध्ये गोळी ठेवायची घाई करू नका, आधी नेमबाजीच्या रेंजवर जाऊन हात बसू दे.

सगळ्यात धोक्याची वेळ म्हणजे आत घालताना. होल्स्टर खिशात आणि मग वरून पिस्तूल कोंबायचं, असं कधीच करायचं नाही, होल्स्टर बाहेर काढा, नळी सुरक्षित दिशेला धरून, बोट ट्रिगरपासून लांब ठेवून पिस्तूल त्यात बसवा आणि मग दोन्ही एकत्र खिशात सरकवा. काढतानाही बोट ट्रिगरच्या वर, पिस्तुलाच्या अंगावर सरळ. टाइट जीन्समधून मूठ धरून हात बाहेरच येत नाही, त्यामुळे पँट सैल आणि खिसा खोल हवा, आणि गाडीत बेल्ट लावून बसल्यावर तर काढणं जवळपास अशक्य, तेव्हा तिथे झटापट करू नका. काहीही झालं आणि पिस्तूल हातातून निसटलं तर पडू दे, झेलायला जाऊ नका, झेलतानाच बोट ट्रिगरवर जातं. टॉयलेटमध्ये काढून टाकीवर ठेवायची सवय तर नकोच, लोक विसरून जातात आणि पुढच्या माणसाच्या हाती लागतं, तो लहान मुलगा पण असू शकतो.

बारसारख्या दारूच्या जागी लाल 51 ची पाटी (51 टक्के किंवा जास्त कमाई तिथे प्यायच्या दारूतून, असा अर्थ) दिसली की पिस्तूल घेऊन आत जायचं नाही. शाळेच्या 1000 फुटांच्या आत बंदूक बाळगायला फेडरल कायद्याची बंदी आहे, तिथे राज्याचं लायसन्स असलेल्याला सूट मिळते, म्हणून परमिट लागत नसलं तरी मी लायसन्स काढायलाच सांगेन.

खिशात कापसाचा भुगा फार जमतो आणि नळीत, हॅमरजवळ जाऊन बसतो, तेव्हा आठवड्याला एकदा तरी रिकामं करून साफ करा. घरी आल्यावर होल्स्टरसकट बाहेर काढून थेट सेफमध्ये, पँट खुंटीला टांगून पिस्तूल त्यातच, असं एक रात्रही नको.