मधली जोडी हातात आणि समोर सुसाट खेळणारा: या चुका टाळा

पणजीला मांडवीतल्या एका कॅसिनो बोटीवरचा पोकरचा हात आहे. ब्लाइंड (पानं बघण्याआधी दोन जणांनी घालायचे पैसे) ५०-१००, माझ्यासमोर दहा हजारांच्या चिप्स, समोरच्याकडेही तेवढ्याच. हा माणूस तासभर जवळजवळ प्रत्येक पानावर रेज करत होता, म्हणजे आकडा वाढवत होता. त्याने ४०० केले, बिग ब्लाइंडला, म्हणजे आधीच १०० घातलेल्या जागेवरून, मी नव्व्यांच्या जोडीवर कॉल केला (तेवढेच पैसे घातले), बाकी सगळे बाहेर. पॉट (मध्ये जमलेले पैसे) ८५०. फ्लॉपला, म्हणजे पहिल्या तीन उघड्या पानांत, बदाम राजा, किलवर सत्ती, इस्पिक दुर्री. मी चेक (काही न लावता पुढे), त्याचे ५००. मी १,५०० केले, का तर ‘आपण कुठे आहोत ते कळू दे’. तो ऑल-इन गेला, सगळ्या चिप्स लावल्या. मी पानं टाकली.

१,९०० गेले आणि कळलं काहीच नाही. त्याच्याकडे राजा होता की पंजी-चव्वी, हे मला रेजच्या आधी जेवढं माहीत होतं तेवढंच नंतरही. नव्व्यांसारख्या मधल्या जोडीवर होणारी सगळ्यात महाग चूक हीच. विचारपूस करण्यासाठी रेज केला की आपल्यापेक्षा कमी पानं पळून जातात आणि मोठी पानं थांबतात. जो माणूस रिकाम्या हातानेही पैसे लावतो, त्याला तेच करू द्यायचं असतं. आपण रेज करून त्याचा ब्लफ बंद करतो आणि नव्व्यांचं गिऱ्हाईकच घालवतो.

तिथे कॉलच का बरोबर होता, ते मोजून बघा. माझी दोन आणि बोर्डवरची (टेबलावर उघडी) तीन पानं वजा केली की ४७ उरतात. त्यांतून दोन पानांचे १,०८१ हात बनतात. त्यात निदान एक राजा असलेले १३५, म्हणजे साधारण आठात एक. हा गडी निम्मे हात खेळतो आणि राजा दिसला की कधीच सोडत नाही, असं धरलं तरी प्रमाण चारात एक. वर एक्के, राण्या, गुलाम, दश्श्यांच्या जोड्या आणि सत्ती-दुर्रीचे सेट (एकाच आकड्याची तीन पानं) मिळवा, आकडा तीस टक्क्यांच्या आसपास जातो. उरलेल्या सत्तर टक्क्यांत नव्व्या पुढे आहेत. ८५० च्या पॉटमध्ये त्याचे ५०० आले, मला ५०० घालायचे, म्हणजे २७ टक्के वेळा जिंकलो तरी बरोबरी. टर्न-रिव्हरला (चौथ्या आणि पाचव्या उघड्या पानाला) आणखी पैसे लागणार हे खरं, पण फ्लॉपला पानं टाकण्याचं किंवा पॉट फुगवण्याचं कारण नाही.

याच्या उलटी चूकही तितकीच दिसते: सेट लागला नाही की हात टाकायचा. फ्लॉपला सेट लागण्याची शक्यता सुमारे १२ टक्के, साडेआठ वेळांत एकदा. आणि नव्व्या धरल्यात तर फ्लॉपला त्याहून मोठं निदान एक पान येण्याची शक्यता ७९ टक्के. अठ्ठ्यांना ८७, दश्श्यांना ७०. मोठं पान दिसलं की घाबरायचं ठरवलंत तर पाचात चार वेळा घाबराल, आणि सुसाट माणूस नेमका यावरच जगतो. कुठल्याही दोन पानांसमोर नव्व्या शेवटपर्यंत गेल्या तर शंभरात ७२ वेळा जिंकतात. सेटची वाट बघणं ठीक आहे, पण समोरचा कधीतरीच रेज करणारा, घट्ट खेळणारा असेल तेव्हा.

म्हणून प्रत्येक बोर्डवर डोळे मिटून कॉल करायचा का? मुळीच नाही. राजा-सत्ती-दुर्री, तीन वेगळे रंग, हा कोरडा बोर्ड. टर्नला चव्वी किंवा तिर्री आली तर फारसं काही बदलत नाही. राणी-गुलाम-अठ्ठी आणि त्यात दोन बदाम, हा ओला बोर्ड. तिथे बदाम, एक्का, राजा, दश्शी, काहीही आलं की चित्र पालटतं आणि तुम्ही अंदाजानेच पैसे घालत बसता. अशा ठिकाणी मी फ्लॉपला एखादा लहान कॉल करतो, मोठ्या बेटला सोडतो. दुसरं मोठं पान पडलं आणि त्याने आकडा वाढवला तर वाद न घालता बाहेर.

सगळे आक्रमक एका माळेचे मणी धरणं हीही चूक. काही जण फक्त फ्लॉपच्या आधी धडाका लावतात, कॉल आला की शांत होतात. काही फ्लॉप-टर्न मारतात आणि रिव्हरला हात आखडतात. असा माणूस रिव्हरलाही मोठी बेट करतो तेव्हा ती खरी असते. तिन्ही वेळा रिकाम्या हाताने मारणारे थोडे असतात. कोण कुठला, ते ऐकीव गोष्टींवरून ठरवू नका. पत्ते उघडे पडतात तेव्हा मोबाइलमधून मान वर काढा आणि त्याने काय घेऊन किती लावले होते ते लक्षात ठेवा. अर्ध्या तासात दोन-तीन हात तरी उघडे दिसतात.

जागेचं मात्र लोक फार कमी बोलतात. जमलं तर त्याच्या डाव्या हाताला बसा. खेळी डावीकडे सरकते, त्यामुळे बहुतेक वेळा तो आधी बोलतो आणि तुम्हाला ऐकून ठरवता येतं. त्याच्या रेजला तुम्ही कॉल केलात आणि मागून तिसऱ्या शांत माणसाने मोठा री-रेज केला, तर हिशेब त्या शांत माणसाशी करायचा. इथे नव्व्या टाकताना मला वाईट वाटत नाही.

सेट लागला तर? कोरड्या बोर्डवर घाई नको, त्याला मारू द्या. बोर्ड ओला असेल तर लगेच रेज करा, कारण त्याला फुकटात रंग (एकाच रंगाची पाच पानं) पुरा करू देण्यात काही हशील नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदीचा कायदा झाला आणि ती ॲप्स थांबली, त्यामुळे आपल्याकडचे बरेच जण आता गोव्याच्या टेबलावर पहिल्यांदाच समोरासमोर बसतात. तिथे समोरचा हसतो, पत्ते आपटतो, ‘काय, घाबरलात?’ म्हणतो. त्याच्या या बोलण्याला उत्तर म्हणून केलेला कॉल महाग पडतो, हे मी पैसे देऊन शिकलो आहे. आता मी चिप्सना हात लावण्याआधी पॉट मोजतो, मनातल्या मनात, हळू. पॉट ४,२५०, त्याची बेट २,५००, लागतात २७ टक्के. परवा याच हिशेबावर अठ्ठ्या घेऊन रिव्हरला कॉल केला. त्याने राजा-चव्वी दाखवली. पॉट गेला, पण तो कॉल मी उद्याही करीन.