श्रेयाची अट पाळून घेताना: मुक्तस्रोत परवान्यांच्या पाठपुराव्यात या चुका टाळा

मुक्तस्रोत (ओपन सोर्स) परवान्याखाली, म्हणजे श्रेय राखण्याच्या अटीवर कोणालाही वापरू दिलेला आपला कोड दुसऱ्याच्या उत्पादनात सापडतो, त्यात आपल्या नावाचा मागमूसही नसतो, आणि पहिल्या तासाभरात रागाच्या भरात जे पत्र लिहिले जाते ते बहुतेक वेळा पाठवण्याजोगे नसते. त्यात आरोप ठासून भरलेला असतो, पण परवान्याच्या कोणत्या वाक्याचा भंग झाला हे सांगितलेले नसते. हक्क मात्र भक्कम आहे. २००८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल सर्किट अपील न्यायालयापुढे जेकबसन विरुद्ध कॅट्झर हा खटला आला होता. रेल्वेच्या प्रतिकृती चालवण्यासाठी असलेल्या एका मुक्तस्रोत प्रणालीतील फायली लेखकांची नावे आणि कॉपीराइट सूचना गाळून दुसऱ्या उत्पादनात वापरल्या गेल्या होत्या. त्या प्रणालीच्या आर्टिस्टिक परवान्यातील नावे व सूचना राखण्याच्या अटींवरच वापराची परवानगी अवलंबून आहे आणि त्या मोडल्यास कॉपीराइटभंगाचा दावा करता येतो, असे न्यायालयाने म्हटले. इतका आधार असूनही अनेकांचा पाठपुरावा फसतो, कारण मागणीच चुकीची केलेली असते.

परवान्यात नाही ते मागणे

ही चूक सर्वांत जास्त आढळते. एमआयटी या मुक्तस्रोत परवान्याची अट एका वाक्याची आहे: सॉफ्टवेअरच्या प्रत्येक प्रतीत, किंवा त्याच्या लक्षणीय भागात, कॉपीराइट सूचना आणि परवान्याचा मजकूर असला पाहिजे. संकेतस्थळाच्या मुखपृष्ठावर नाव द्यावे, जाहिरातीत उल्लेख करावा किंवा प्रकल्पाची लिंक द्यावी, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. बीएसडी या दुसऱ्या परवान्यानुसार बायनरी (थेट यंत्रावर चालणाऱ्या) स्वरूपात वितरण करताना सूचना दस्तऐवजात किंवा सोबतच्या साहित्यात दिली तरी चालते. जुन्या बीएसडी परवान्यात जाहिरातीत श्रेय देण्याचे कलम होते खरे, पण तो परवाना काढणाऱ्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने ते २२ जुलै १९९९ रोजी स्वतःच्या कोडपुरते मागे घेतले. अपाची २.० या परवान्यात परवान्याची प्रत देणे, सूचना कायम ठेवणे आणि बदललेल्या फायलींवर तसे नमूद करणे आवश्यक आहे. ‘नोटीस’ नावाची फाइल मूळ प्रकल्पात असेल, तरच तिच्यातील श्रेयाचा मजकूर पुढे न्यावा लागतो. आपण ती फाइल कधी तयारच केली नसेल, तर तिच्या नावाने तक्रार करता येत नाही.

याच ठिकाणी वितरणाचा मुद्दा तपासावा लागतो. एखाद्या कंपनीने आपण लिहिलेली लायब्ररी (इतर प्रोग्रॅममध्ये वापरता येणारा तयार कोडसंग्रह) केवळ स्वतःच्या सर्व्हरवर चालवली आणि प्रत कोणालाही दिली नाही, तर एमआयटी किंवा अपाचीची श्रेयाची अट सहसा लागूच होत नाही. मात्र तीच लायब्ररी जावास्क्रिप्टच्या गठ्ठ्यातून वापरकर्त्याच्या ब्राउझरपर्यंत पोहोचत असेल, तर ती प्रत देणेच झाले. मोबाइल ॲप, उपकरणातील फर्मवेअर आणि डाउनलोडसाठी ठेवलेली कंटेनर प्रतिमा (सॉफ्टवेअरचे थेट चालवता येणारे पॅकेज) यांचेही तसेच आहे. एजीपीएल या परवान्याचा नियम वेगळा आहे: सुधारित आवृत्ती नेटवर्कवरून वापरू देणाऱ्याला त्या वापरकर्त्यांसाठी सोर्स कोड उपलब्ध करावा लागतो. तेव्हा ‘सर्व्हरवरच आहे’ या उत्तराने समाधान मानायचे की नाही, हे आपल्या परवान्यावर ठरते.

स्वतःची सूचना अपुरी ठेवणे

किती तरी रिपॉझिटरींमधील (प्रकल्पांच्या कोडसाठ्यांमधील) परवान्याच्या फाइलमध्ये वर्ष आणि नावाच्या जागी चौकटी कंस तसेच राहिलेले असतात. नमुना मजकूर उचलून चिकटवला आणि भरायचा राहून गेला. बर्न या आंतरराष्ट्रीय करारानुसार कॉपीराइट सूचनेविनाही निर्माण होतो, त्यामुळे हक्क जात नाही. पण समोरच्याने जो मजकूर जसाच्या तसा राखायचा तोच अर्धवट असेल, तर त्याच्याकडून नेमके काय मागणार? फक्त मुळाशी एक फाइल ठेवून थांबणेही पुरेसे नाही, कारण लोक बहुधा संपूर्ण प्रकल्प न घेता त्यातील एखादी फाइल उचलतात. प्रत्येक फाइलच्या माथ्यावर कॉपीराइटची ओळ आणि एसपीडीएक्स या प्रमाणित पद्धतीची परवाना-ओळख (परवान्याचे नाव सांगणारी छोटी ओळ) असली की ती फाइल जिथे जाईल तिथे तिची ओळखही जाते. शिवाय पत्र पाठवण्यापूर्वी आपल्या प्रकल्पात आपण सामावून घेतलेल्या इतरांच्या कोडाची श्रेये जागेवर आहेत का, तेही पाहावे. समोरचा पहिल्याच उत्तरात तेच दाखवून देईल.

साम्यालाच पुरावा मानणे

दोन फलने (फंक्शन) सारखी दिसली म्हणून नक्कल सिद्ध होत नाही. दोघांनी एकाच तिसऱ्या स्रोतावरून काम केलेले असू शकते, किंवा तो प्रश्न सोडवण्याची रीतच एक असते. माझ्या एका छोट्या लायब्ररीच्या बाबतीत, तारखा वाचणाऱ्या कोडातील एका त्रुटी-संदेशात माझ्याकडून एक अक्षर चुकले होते आणि ते वर्षभर माझ्याही लक्षात आले नव्हते. एका व्यावसायिक उत्पादनाच्या बायनरीतून वाचता येण्याजोगा मजकूर ‘स्ट्रिंग्ज’ आज्ञेने बाहेर काढला, तेव्हा तेच चुकलेले अक्षर त्याच जागी दिसले, आणि लगतचे आणखी नऊ संदेश माझ्याच क्रमाने होते. असा पुरावा नाकारणे कठीण असते. माझी चूक ही झाली की उत्पादनाची ती आवृत्ती मी जपून ठेवली नाही. महिन्याभराने डाउनलोडच्या पानावर नवी आवृत्ती आली आणि माझ्या हाती फक्त स्क्रीनशॉट उरला.

म्हणून सापडल्या दिवशीच मूळ फाइल, तिचा एसएचए-२५६ हॅश (फाइल बदललेली नाही हे पडताळण्याचा अंकीय ठसा), आवृत्ती क्रमांक, तारीख आणि कोणत्या पानावरून ती घेतली याची नोंद करावी. ते पान वेबॅक मशीन या वेब-संग्रहातही जतन करावे. त्यानंतर श्रेय खरोखरच नाही ना, हे नीट शोधावे. ॲपमध्ये ते ‘माहिती’ किंवा ‘कायदेशीर सूचना’ या पडद्याआड तीन टप्पे आत असते, कधी पॅकेजमधील वेगळ्या मजकूर-फाइलमध्ये असते. तिथे सापडले, तर अट पाळली गेली आहे आणि विषय तिथेच संपतो.

हक्क कोणाचा हे न पाहणे

प्रकल्पाची देखभाल करणारी व्यक्ती साऱ्या कोडाची मालक असतेच असे नाही. योगदानकर्त्यांनी हक्क लेखी सोपवले नसतील, तर प्रत्येकाचा भाग त्याच्याकडेच राहतो. नोकरीत असताना लिहिलेला कोड मालक संस्थेचाही असू शकतो. ज्या ओळी उचलल्या गेल्या त्या कोणी लिहिल्या, हे गिटच्या (कोडातील बदल नोंदवणाऱ्या साधनाच्या) इतिहासात पाहावे आणि त्या व्यक्तीला सोबत घेऊनच पुढे जावे.

आधी जाहीर आरोप, मग पत्र

श्रेय गाळले जाण्यामागे अनेकदा दुष्ट हेतू नसतो, बिल्डची, म्हणजे कोडापासून उत्पादन तयार करण्याची, प्रक्रिया असते. म्हणून पहिले पाऊल खाजगी पत्राचेच असावे. सॉफ्टवेअर फ्रीडम कन्झर्व्हन्सी आणि फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन या संस्थांनी २०१५ मध्ये जीपीएल या परवान्याच्या समुदायाभिमुख अंमलबजावणीची तत्त्वे मांडली, त्यात पैसे उकळण्यापेक्षा परवान्याचे पालन होणे महत्त्वाचे मानले आहे, आणि माझ्या मते श्रेयाच्या बाबतीतही हाच क्रम योग्य ठरतो. जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीत अट मोडताच परवानगी आपोआप संपते. २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीने सुधारण्याची वाट ठेवली: पहिल्यांदाच चुकलेल्याने सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत दुरुस्ती केली, तर त्याची परवानगी कायमची पूर्ववत होते. एमआयटीत असे कलम नाही, पण तेवढी मुदत स्वतःहून द्यायला कोणाचीच आडकाठी नाही.

कोड हटवण्याची कायदेशीर नोटीस होस्टिंग सेवेला (ते उत्पादन जिच्या सर्व्हरवर ठेवले आहे तिला) थेट पाठवणे हे त्याहून मोठे पाऊल आहे. डीएमसीए या अमेरिकी कॉपीराइट कायद्याखालील नोटिशीत, आपण हक्कधारकाच्या वतीने बोलण्यास अधिकृत आहोत हे खोट्या साक्षीच्या शिक्षेची जोखीम पत्करून सांगावे लागते आणि जाणूनबुजून खोटी माहिती दिल्यास भरपाई द्यावी लागू शकते. पत्रांना उत्तरच येत नसेल, तेव्हाच ती वाट धरावी, तीही कायद्याच्या जाणकाराला विचारून.

पहिले पत्र एवढेच असावे: ‘आपल्या अमुक उत्पादनाच्या अमुक आवृत्तीत माझ्या अमुक लायब्ररीचा कोड समाविष्ट असल्याचे आढळले, तपशील सोबत जोडला आहे. ही लायब्ररी एमआयटी परवान्याखाली असून तिची कॉपीराइट सूचना व परवान्याचा मजकूर आपल्या वितरणात आढळला नाही. सोबतचा मजकूर सध्या उपलब्ध असलेल्या आणि पुढील आवृत्त्यांमध्ये समाविष्ट करावा व तो कोठे ठेवला हे ३० दिवसांत कळवावे.’ राखायचा मजकूर आयता जोडून दिला की काम खूप सोपे होते, कारण तो शोधून काढण्याचे कष्ट समोरच्या अभियंत्याला पडत नाहीत.

होकार आला की थांबणे

दुरुस्त आवृत्ती स्वतः डाउनलोड करून उघडून पाहावी. माझ्या त्या प्रकरणात कॉपीराइट सूचना उत्पादनात परत आली, मी आभार मानले, आणि दोन आवृत्त्यांनंतर उत्पादनाच्या वेब रूपातून ती पुन्हा गायब झाली. कारण विचारल्यावर कळले की कोड आकसवणारे साधन सर्व टिप्पण्या पुसून टाकत होते. अशी बरीच साधने उद्गारचिन्हाने सुरू होणारी किंवा ‘ॲट-लायसन्स’ ही खूण असलेली टिप्पणी राखतात, पण त्यांच्या बिल्डमध्ये ती सोय बंद केलेली होती. त्यांनी ती चालू केली आणि मी माझ्या फायलींतील सूचना उद्गारचिन्ह असलेल्या टिप्पणीत हलवली. तेव्हापासूनच्या प्रत्येक आवृत्तीत ती दिसते आहे.