गाडीचं पुढचं चाक हलतंय, पण नेमकं कशामुळे?

मागच्या चाकांना दगड लावा, हँडब्रेक ओढा, पुढचं चाक जॅकवर उचला आणि खाली स्टँड द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर राहू नका. घड्याळातल्या १२ आणि ६ वर हात ठेवून चाक आत-बाहेर हलवा. खटखट जाणवली तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. खटखट थांबली तर व्हील बेअरिंग (ज्यावर चाक फिरतं), तशीच राहिली तर बहुधा लोअर आर्मचा, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा, बॉल जॉइंट. ही एक युक्ती विसरलं की चांगलं बेअरिंग उगाच बदललं जातं. फक्त ३ आणि ९ वर हललं तर टाय रॉड एंड किंवा रॅक एंड, म्हणजे स्टिअरिंगकडून चाकाकडे येणाऱ्या दांड्याची टोकं, बघा. चाक फिरवताना दुसरा हात कॉइल स्प्रिंगवर ठेवा. बेअरिंगची घरघर कानाआधी बोटांना कळते.

एक्सलचं, म्हणजे इंजिनची ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचं, वेगळं. त्याच्या दोन्ही टोकांना जॉइंट असतात. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू निघताना कटकट आली, तर बाहेरचा, चाकाकडचा जॉइंट. सरळ रस्त्यावर अ‍ॅक्सिलरेटरवर जोर देताना गाडी थरथरली आणि पाय काढताच थांबली, तर आतला. रिमच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालेलं दिसलं की बूट (जॉइंटवरचं रबरी आवरण) फाटलाच समजा. आवाज सुरू व्हायच्या आत नवा बूट आणि ग्रीस टाकलं, तर जॉइंट वाचतो.