अँग्रिया बँकेवर प्रवाळांची पाहणी करायची तर

विजयदुर्गाच्या पश्चिमेला 100 किलोमीटरहून जरा जास्त अंतरावर, भर समुद्रात एक बुडालेलं पठार आहे. कान्होजी आंग्र्यांच्या नावाची ही अँग्रिया बँक सुमारे 40 किलोमीटर लांब, 15 किलोमीटर रुंद, आणि तिचा माथा पाण्याखाली वीसेक मीटरवर. इथे पुन्हा कधी यायला मिळेल याचा भरवसा नसतो. म्हणून पुढच्या माणसाला तीच जागा त्याच पद्धतीने तपासता येईल, अशीच पाहणी करा. माझ्या मते बाकी सगळं त्यानंतर.

पोचल्या पोचल्या पहिलं काम पाण्याचं. प्रत्येक जीव पेशी, चिकटा, विष्ठा मागे सोडतो आणि त्यातला डीएनए काही काळ पाण्यात टिकतो, त्यावरून इथे कोण राहतं ते कळतं. तळाजवळचं 2 लीटर पाणी घ्या, हातमोजे घालून 0.45 मायक्रॉनच्या गाळणीतून काढा आणि गाळणी इथेनॉलमध्ये ठेवा. एक गाळणी नुसत्या शुद्ध पाण्याचीही करा, म्हणजे बोटीवरची भेसळ ओळखता येते. हे काम कॅमेऱ्यासोबत सोडायचं तारलीचं आमिष पाण्यात जाण्याआधीच उरका. नाहीतर प्रयोगशाळेत तुमचीच तारली सापडायची!

मग बुडी. या खोलीवर तळाशी अर्धा तासही धड मिळत नाही, त्यामुळे कोणी काय करायचं ते बोटीवरच ठरवा. मासे मोजणारा पुढे, तळावर मोजमापाची टेप सोडणारा त्याच्या मागे. टेप आधी पसरली तर हेकरू, तांबोशी केव्हाच पसार होतात. 50 मीटर लांब, 5 मीटर रुंद पट्ट्यात दिसेल तो मासा आणि त्याची अंदाजे लांबी स्लेटवर पेन्सिलीने लिहा.

परतताना टेपवर दर 50 सेंटिमीटरला थांबा आणि खुणेच्या बरोबर खाली काय आहे तेच लिहा: जिवंत पोवळं, मेलेलं पोवळं, शेवाळ, वाळू, खडक. एका टेपवर 100 बिंदू होतात. बिंदू वाळूवर पडला आणि शेजारी सुंदर पोवळं असलं तरी वाळूच लिहायची. इथे मन कठोर ठेवावं लागतं, कारण पोवळं जास्त दाखवायचा मोह भल्याभल्यांना होतो. सोबत पीव्हीसी पाइपच्या चौकटीतून ठरावीक उंचीवरून फोटो घ्या. पाइपला भोकं पाडा, म्हणजे आत पाणी भरून चौकट बुडते. बुडी मारण्याआधी जीपीएसच्या पडद्यावरच्या वेळेचा एक फोटो काढा. नंतर प्रत्येक फोटोची वेळ आणि जागा त्यावरून जुळवता येते.

मुशी (शार्क), पाकट पाणबुड्यांना बुजतात. त्यांच्यासाठी आमिषाची पिशवी लावलेला कॅमेरा दूरवर तासभर सोडा. चित्रफीत पाहताना तिच्या एका फ्रेममध्ये एका जातीचे एकाच वेळी जास्तीत जास्त किती मासे दिसले, तोच आकडा धरा. येणारा प्रत्येक मासा मोजलात तर एकच मुशी दहादा मोजली जाईल.

तापमापक मेलेल्या खडकात रोवलेल्या सळईला बांधा, जिवंत पोवळ्याला कधीच नको. उपग्रह फक्त पृष्ठभागाचं तापमान सांगतो, तळाचं आपल्यालाच मोजावं लागतं.

संध्याकाळी स्लेट पुसण्याआधी तिचा फोटो घ्या, नोंदी जोडीदारासोबत वाचून वहीत उतरवा, आणि दोन वेगळ्या डिस्कवर प्रती झाल्याशिवाय कॅमेऱ्याचं कार्ड रिकामं करू नका.