न्यायालयीन बातमी लिहिताना या चुका टाळा

खुल्या न्यायालयात जे घडले त्याचे खरे वृत्त देणाऱ्या बातमीदाराला कायद्याचे भक्कम संरक्षण आहे. न्यायालयीन कामकाजाचे किंवा त्याच्या निकालाचे मूलतः खरे वृत्त ही बदनामी नव्हे, असे भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मधील चौथा अपवाद सांगतो. 1 जुलै 2024 पूर्वी हीच तरतूद भारतीय दंड संहितेच्या कलम 499 मध्ये होती. मूळ आरोप खरा असल्याचे येथे सिद्ध करावे लागत नाही, तो न्यायालयात झाला आणि आपण तो नेमका मांडला, एवढे दाखवावे लागते. मात्र हे संरक्षण कामकाजाला आहे, कोर्टाच्या आवाराला नाही, आणि बातमीदार अडकतो तो बहुधा इथेच.

सुनावणीनंतर वकिलाने व्हरांड्यात सांगितलेली माहिती किंवा पोलिसांचे प्रसिद्धिपत्रक हे न्यायालयीन कामकाज नव्हे. अर्ज नुसता दाखल झाला म्हणून त्यातला प्रत्येक आरोप छापण्याजोगा झाला, असेही धरून चालू नये.

सर्वांत महागात पडतो तो मथळा. समजा, एका पतसंस्थेच्या अध्यक्षांच्या जामीन अर्जाला विरोध करताना सरकारी वकिलांनी ठेवी परस्पर वळवल्याचा युक्तिवाद केला आणि अर्ज फेटाळला गेला. बातमीत हे सारे नीट आले, पण वर ‘अध्यक्षानेच लाटल्या ठेवी’ असे छापले, तर युक्तिवादाचा निष्कर्ष करून टाकला असे होते. जामीन नाकारणे म्हणजे दोषी ठरवणे नव्हे. ‘ठेवी वळवल्याचा आरोप; अध्यक्षांचा जामीन फेटाळला’ हा मथळा तेवढाच ठसठशीत आहे आणि खराही आहे.

सरतपासणीच्या, म्हणजे साक्षीदाराला बोलावणाऱ्या पक्षाचाच वकील त्याला प्रश्न विचारतो त्या दिवशी पहिल्या पानावर बातमी घ्यायची आणि उलटतपासणीत साक्षीदार डगमगला त्या दिवशी कोर्टात फिरकायचेही नाही, ही सवय तर अन्यायकारकच आहे. निर्दोष सुटकेची बातमी अटकेच्या बातमीइतक्याच ठळकपणे यायला हवी. खटल्याच्या गुणदोषांवर मत मांडायचे असेल तर पाचवा अपवाद आहे, परंतु तो निकाल लागलेल्या प्रकरणापुरता आणि सद्भावनेने मांडलेल्या मतापुरता आहे.

काही बाबतींत बातमी अक्षरशः खरी असूनही गुन्हा घडतो. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख न्याय संहितेच्या कलम 72 नुसार, तर बालकांची पॉक्सो (बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण) कायद्याच्या कलम 23 आणि बालन्याय कायद्याच्या कलम 74 नुसार जपावी लागते. नाव गाळून गाव, शाळा आणि वडिलांचा व्यवसाय दिला तर ओळख उघडच होते. प्रसिद्धीस न्यायाधीशांनी तोंडी मनाई केली तरी ती गंभीरपणे घ्यावी. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाच्या संपादकांविरुद्धच्या अब्रुनुकसानीच्या दाव्यात मुंबई उच्च न्यायालयाने एका साक्षीदाराची साक्ष छापू नये असा तोंडीच आदेश दिला होता, आणि 1966 साली त्याच आदेशाला आव्हान देणाऱ्या मिरजकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने असा आदेश देण्याचा अधिकार बहुमताने मान्य केला.

आरोपीचे पूर्ण नाव, वय आणि गाव कागदपत्रांवरून पडताळावे, कारण नामसाधर्म्यामुळे भलत्याच माणसाची अब्रू जाते आणि तिथे कोणताही अपवाद कामी येत नाही. नोटीस आलीच तर सुनावणीची टिपणे जपून ठेवावीत, आदेशाची नक्कल काढावी आणि चूक आढळल्यास मूळ बातमी छापली त्याच जागी दुरुस्ती द्यावी. संकेतस्थळावरील मजकूरही त्याच दिवशी सुधारावा.